कारवीच्या मधाचं विरजण

विरजण म्हटलं की कुणालाही दहीच आठवणार. मलाही आठवायचं, लग्न होऊन या घरात येईपर्यंत. इथं आल्यावर कळलं की आमच्या घरात विरजणं दोन. एक दह्याचं, ते माझ्या ताब्यात. दुसरं मधाचं, ते मालकांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या ताब्यात, आणि त्याला मी हात लावायचा नाही.

मालक दूध संघाच्या टँकरवर ड्रायव्हर होते. गारगोटीच्या वरच्या अंगाला, जंगलाला लागून असलेल्या एका गावात रोज दूध भरायला टँकर थांबायचा, तिथं त्यांना एक दोस्त भेटला. शेतकरी माणूस. दोघांनी मिळून त्याच्या बांधावर मधपेट्या ठेवल्या. मध दोघांत वाटून घ्यायचे. दोस्त आपला वाटा खायचा, मालक आपल्यातला निम्मा 'लावायचे'.

लावायचे म्हणजे काय, तर एक भाग मध, तीन भाग कोमट पाणी, मूठभर मनुका, आणि वरून त्यांचं ते विरजण. मोठ्या काचेच्या बरणीत भरून तोंड बंद करायचं आणि झाकणातून एक नळी काढून पाण्यात सोडायची. मग बरणी महिना-दोन महिने बुडुक बुडुक करत बसायची. मध आंबून त्याची हलकी दारू होते. माझी लेक पुण्यात असते, ती म्हणते, "आई, ह्याला मीड म्हणतात, इकडं हॉटेलात मिळतं." आमच्यात त्याला नावच नव्हतं. मालक 'पाणी' म्हणायचे. "पाणी झालं काय बघ गं," असं. दारू म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. माझा दीर एकदा बरणी बघून म्हणाला, "वैनी, हितं दारू गाळताय व्हय? आत टाकतील की कळंब्याला."

मालक कॉटवरूनच म्हणाले, "टाकू देत. डबा द्यायला तिला चालत येता यील." आमचं घर कळंब्यातच, जेलची भिंत गच्चीवरून दिसते.

तर हे विरजण, पुण्याच्या भाषेत यीस्ट. मालकांनी पहिलं धरलं ते धायटीच्या फुलांवर. धायटी म्हणजे डोंगरउतारावरचं झुडूप, शिमग्याच्या सुमाराला तांबड्या फुलांनी भरून जातं. वैद्य लोक आसव-अरिष्टाची औषधं करतात त्यात हीच फुलं घालतात. एकदा ते विरजण धरलं की पुढं दर खेपेला बरणीच्या तळाचा गाळ राखून ठेवायचा आणि पुढच्या मधाला तोच घालायचा. अगदी आपण वाटीभर दही मागं ठेवतो तसं. मध्ये मध्ये त्याला गुळाचं पाणी द्यायचं. मालक म्हणायचे, "सगळी विरजणं मध खात्यात. पर माझं पोट भरलं की थांबतंय. जिभंला थोडी गोडी ठेवतंय." आणि खरंच, त्यांच्या पाण्यात शेवटाला एक गोडवा रेंगाळायचा. मी घोटभरच घ्यायची, पण तेवढं मलाही कळायचं.

मग मालकांच्या घशात गाठ निघाली.

त्या पावसाळ्यात आम्ही घरी किती राहिलो आणि दवाखान्यात किती, ते मला आता सांगता यायचं नाही. किरणं दिली, औषधं दिली. दिवाळीच्या तोंडावर डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं आणि सांगितलं, "घरी न्या, काय खावंसं वाटतंय ते द्या." एवढं बोलून ते पुढच्या पेशंटकडं वळले. त्यांचं तरी काय चुकलं? मी पिशवी उचलली आणि मालकांच्या कॉटपाशी जाऊन म्हणाले, "चला, सुट्टी दिली." त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. मग चपला पायात सरकवल्या.

घरी येऊन बघते तर विरजणाची बरणी मेली होती. वर पांढरी साय, आत व्हिनेगरचा वास. गुळाचं पाणी कोण देणार, घराला कुलूप. मालक म्हणाले, "टाकून दे." त्या दिवशी पेजही घेतली नाही.

नेमकी त्याच साली कारवी फुलली होती. कारवी सात वर्षांतून एकदा फुलते, सगळा डोंगर निळा होतो, आणि माश्या मग दुसरीकडं कुठं जातच नाहीत. त्या मधाचा रंग गडद, वास वेगळा. दिवाळीत दोस्त मधाचा डबा घेऊन आला. मालकांनी डबा मांडीवर घेतला, झाकण उघडलं, नाक जवळ नेलं आणि कितीतरी वेळ तसेच बसले. मग म्हणाले, "हे सगळं लावायचं. अर्धं ठेवून कुणाला? एकदा कारवीचं पाणी पिऊन जातो."

'जातो' म्हणाले. आम्ही दोघांनीही ऐकलं नाही असं केलं.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच. विरजण कुणाचं घालू? धायटी फुलायला अजून अवकाश होता. आणि मध एकच डबा. चुकलं तर दुसरी कारवी सात वर्षांनी. तोवर कोण असणार?

मी आधी बाजारातल्या साध्या मधावर करून बघायचं ठरवलं. तीन बाटल्या घेतल्या. पहिलीला बेकरीतलं यीस्ट. बेकरीवाला म्हणाला, "मावशी, घरात पाव करताय? मग आम्ही काय करायचं?" मी म्हटलं, "तू खारी कर." दुसरीला काष्ठौषधीच्या दुकानातली धायटीची वाळकी फुलं. दुकानदारानं पुडा फुंकून धूळ उडवली तेव्हाच मी समजायला हवं होतं, पण आणली. तिसरीला लेकीनं पुण्याहून पाठवलेलं पाकीट. त्यावर इंग्रजी अक्षरं. लेक फोनवर म्हणाली, "आई, हे शॅम्पेनचं यीस्ट आहे, एकदम खात्रीचं, बिघडत नाही. ह्यानं ड्राय होतं."

"ड्राय म्हणजे?"

"म्हणजे गोड राहत नाही. सगळी साखर खाऊन टाकतं."

तिन्ही बाटल्या खिडकीत ठेवल्या. थंडीचे दिवस, म्हणून मालकांच्या जुन्या बनियनमध्ये गुंडाळल्या. दह्याला जशी ऊब देतो तशी. दीर येऊन म्हणाला, "बारसं कवा हाय?"

आठवड्याभरानं फुलांच्या बाटलीवर बुरशी आली, ती मी बघताच ओतली असती, पण म्हटलं मालकांना दाखवू. पावाच्या यीस्टची बाटली जोरात उसळली आणि तिला बेकरीचा वास येऊ लागला. पाकिटाची शांत, एकसारखे बारीक बुडबुडे, वास स्वच्छ. मालकांच्या उशाशी बसले आणि एकेक बाटली नाकापाशी धरली. त्यांनी पहिलीचा वास घेतला, मान हलवली. दुसरीचा घेतला, मान हलवली. तिसरीचा घेतला.

"तिन्हीबी परकी," म्हणाले.

"अवो, ही बुरशीची हाय. आनी ही चांगली हाय, पाकिटाची. जरा बघा की नीट."

"बघितलं. परकं हाय ते. ते सगळा मध खाणार, जिभंला काय ठेवणार न्हाय."

मला राग आला. बुरशी आणि चांगली एकाच मापात? पण आजारी माणसाशी काय वाद घालायचा. आणि एक आशाही वाटली हो. म्हटलं, नाक अजून शाबूत आहे, एवढं पारखून सांगतात. किरणं दिल्यावर तोंडाची चव जाते, पुढं कधीतरी परत येते, असं दवाखान्यातल्या नर्सनं सांगितलं होतं. मी रोज पेजेत मीठ घालून विचारायची, "बरोबर हाय?" ते म्हणायचे, "बरोबर हाय." मला वाटायचं, आली, चव आली.

मग मला दोस्ताची आठवण झाली. मालकांनी काही वर्षांपूर्वी आपल्या गाळातला वाटीभर त्याला दिला होता. त्यानं तो जपला असेल तर विरजण तेच, मालकांचंच. फोन केला.

"हाय की, वैनी! मी कुठं मरू देतोय. शनवारी घिऊन येतो."

शनिवारला अजून चार दिवस. त्या सकाळी मालकांना रक्त पडलं होतं. मी म्हटलं, "मीच येतो आज."

शेजारणीला मालकांपाशी बसवलं आणि एसटी धरली. मध्येच गाडी बंद पडली. दुसरी येईपर्यंत रस्त्याच्या कडेला आम्ही सगळे उभे, समोर उसाच्या ट्रॉल्या चाललेल्या. गारगोटीत उतरले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. तिथून वडापच्या जीपनं वर गावात. जीपमधून उतरले तर घराघरांतून उदबत्तीचा वास यायला लागलेला.

दोस्त घरी नव्हता. त्यांच्या उसाला तोडीची टोळी आलेली, तो रानात. घरात त्याची बायको, माझ्यापेक्षा वयानं लहान, जीव लावणारी बाई. मला बघून पळत आली.

"अक्का! बसा बसा. पाणी देतो. दाजी कसं हायत?"

मी सांगितलं. ती डोळ्याला पदर लावून ऐकत होती. मग मी म्हटलं, "ते मधाचं विरजण तेवढं दे गं. तुझ्या मालकाला फोन केलाय."

तिचा चेहरा पडला. देवघरात समई लागलेली मला बसल्या जागेवरून दिसत होती.

"अक्का, आताच दिवं लावलं वो. विरजण कसं देऊ?"

मी पुढं केलेली पिशवी परत मांडीवर घेतली. कारण आमच्यातही हेच. दिवे लागल्यावर दही, विरजण, मीठ घराबाहेर देत नाहीत. लक्ष्मी जाते म्हणतात. माझ्याच दारातून मी कितीजणींना 'सकाळी ये गं' म्हणून परत पाठवलंय.

"अगं, ते दह्याचं न्हाय," मी म्हटलं.

"पर विरजणच की. तुमीच तसं म्हणताय." ती रडकुंडीला आली. "औंदा म्हस गेली आमची, सासूबाईचं पाय गेलं. माजा धीर हुईना, अक्का. राती ऱ्हावा. सकाळी उजाडल्या उजाडल्या माज्या हातानं देतो. भाकरी टाकतो, बसा."

राहायचं कसं? घरी शेजारीण, तिला तिचा संसार. खाली जाणारं शेवटचं वडाप हॉर्न मारत होतं. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि उठले. राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं, मी भांडून घेतलं असतं.

घरी पोचले तर शेजारीण मालकांना उशीला टेकवून बसवून निघण्याच्या तयारीत. मालक जागे, माझ्या पिशवीकडं बघत.

"आणलंस?"

"न्हाय. दिवं लागल्यालं."

मला वाटलं चिडतील. ते हसले. हसण्यानं घसा दुखला, हातानं धरला. "खरं हाय तिचं. तू तरी दिलं असतंस काय?"

"मी बी न्हाय."

"मग?"

"शनवारी त्यो आणून देतोय. न्हायतर उद्या सकाळीच या म्हणून फोन करतो."

त्यांनी खिडकीतल्या बाटलीकडं बघितलं. मग म्हणाले, "उद्याचं कुणी बघितलंय? आजच लाव. ते पाकिटाचं टाक."

"तुम्हीच म्हणालासा, परकं हाय."

"हाय. पर घरात हाय."

म्हणून मग लावलं. त्यांच्या समोर, कॉटशेजारी पाट घेऊन. मधाचा डबा अख्खा रिकामा केला, कोमट पाण्यानं धुऊन तेही पाणी घातलं. बोट घालून पाणी बघितलं, दह्याच्या दुधाइतकं गरम. मनुका टाकल्या. पाकीट कात्रीनं कापलं आणि करड्या रंगाचा तो भुगा वाटीतल्या कोमट पाण्यात भिजवून वरून सोडला. नळी बसवली, ती दवाखान्यातून आणलेली सलाईनची. कारवीचा वास सगळ्या खोलीत भरला होता. मालक डोळे मिटून पडले होते.

सकाळी चहाला आधण ठेवलं तर दारात फटफटीचा आवाज. दोस्त. छातीशी धरलेली छोटी बरणी, ओल्या फडक्यात गुंडाळलेली, झाकण सैल. बायकोनं उजाडताच हातात देऊन पाठवलेला. आत आला, आणि मोठी बरणी बघून उभाच राहिला. तिच्यात फेस धरला होता, नळीतून बुडबुडे चालू.

"वैनी, एक रात थांबायचं हुतं की!"

मालक म्हणाले, "तुझ्याकडं लई राती हायत म्हणून बोलतोस व्हय रं?"

दोस्त खाली बसला. एकदा एका विरजणानं घर केलं की दुसरं त्यात शिरत नाही, हे त्यालाही माहीत होतं. मालकांनी ती छोटी बरणी मागून घेतली, नाकाशी धरली, आणि त्यांचे डोळे भरले. "हे माझं," म्हणाले. दोस्तही रडला, मीही रडले. बरणी फ्रिजमध्ये मागच्या बाजूला ठेवली.

संक्रांत झाली. बरणीतले बुडबुडे विरळ झाले, मग थांबले. पाणी निवळलं. मालक तोवर फार वाळले होते, कुशीवर वळवायलाही मला शेजारणीला हाक मारावी लागायची. महाशिवरात्रीच्या आधी एका दुपारी ते म्हणाले, "पाणी झालं काय बघ गं."

मी नळीनं वरचं वर काढलं. सोन्यासारखा रंग. आधी स्वतः घोट घेतला. आणि माझ्या तोंडचं पाणीच पळालं. कारवीचा वास होता, सगळा होता, पण गोडी नाही. जराही नाही. वाळक्या काटकीसारखं कोरडं. मालक म्हणाले होते तसंच, सगळं खाऊन टाकलेलं. मला वाटलं ओतून द्यावं, सांगावं की बिघडलं. पण ते हात पुढं करून बसले होते.

स्टीलच्या वाटीत दिलं, चमच्यानं. एक चमचा. गिळायला वेळ लागला. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. शिव्या घालतील, पाकिटाला, लेकीला, दोस्ताच्या बायकोला, मला.

त्यांनी जीभ टाळ्याला लावली, जशी नेहमी लावायचे, आणि म्हणाले, "न्हाय गं. गोडी ठेवली की यानं."

मी वाटीत बघितलं.

"उगंच नावं ठेवली पाकिटाला. शेवटाला बघ, गोड हाय. आण अजून."

मी दुसरा चमचा दिला. तिसरा दिला. आणि देता देताच माझ्या लक्षात येत गेलं. गोडी नव्हती ती ह्यांना लागली. म्हणजे ह्यांना काहीच लागत नव्हतं. पेजेतलं मीठही कळलेलं नव्हतं. बुरशीची बाटली आणि चांगली बाटली एकच होती, म्हणून तिन्ही परकी. दिवाळीत डब्यात नाक घालून इतका वेळ बसले होते, ते बहुतेक वास शोधत बसले होते. आणि दोस्ताची बरणी ओळखली ती दोस्ताकडं बघून. कुठलंही विरजण घातलं असतं तरी चाललं असतं, आणि कुठलंही घातलं असतं तरी पोचलं नसतं.

की त्यांना सगळं कळत होतं, आणि मी त्या दिवशी तशी रिकाम्या हातानं परत आले होते म्हणून ते माझ्यासाठी गोड म्हणाले? हे मी विचारू शकले असते. वाटी हातात होती, माणूस समोर होता. नाही विचारलं. काय उत्तर आलं असतं, आणि ते घेऊन मी काय केलं असतं?

शिमग्याच्या आधीच गेले.

दिवसकार्याला दोस्त बायकोला घेऊन आला. ती माझ्या गळ्यात पडली ती सोडेचना. "मी द्यायला पायजे हुतं, अक्का. दिवं लागल्यालं वो." मी तिला म्हटलं, "मीबी दिलं नसतं गं." तिला बरं वाटावं म्हणून नाही, खरंच दिलं नसतं. तिला एवढंही सांगावंसं वाटलं की तू दिलं असतंस तरी काही फरक पडला नसता. ते मात्र सांगितलं नाही. तिला वाटू दे की फरक पडला असता. कुणालातरी वाटू दे.

निघताना दोस्त म्हणाला, "वैनी, माझ्याकडचं विरजण गेलं. टोळीच्या गडबडीत बघायचं ऱ्हायलं. तुमच्याकडची बरणी द्या, त्यातनं परत वाढवतो." दुपारची वेळ होती, दिवे लागायचे होते. मी फ्रिजच्या मागच्या बाजूनं बरणी काढली. झाकण उघडलं आणि वास आला, व्हिनेगरचा. वर पांढरी साय. मी तिला एकदाही गुळाचं पाणी दिलं नव्हतं. कुणासाठी देणार होते?

दोस्तानं वास घेतला आणि बरणी माझ्या हातात परत दिली. "धायटी फुललीया," तो म्हणाला, "सगळा उतार तांबडा झालाय. नवं धरू की."

"तुम्ही धरा," मी म्हटलं. "मला नको."

माळ्यावर पाकिटाच्या पाण्याच्या बाटल्या आहेत. लेक म्हणते, "आई, जेवढं मुरेल तेवढं चांगलं होतं, राहू दे." राहू दे. ती छोटी बरणी मी घासली, उन्हात वाळवली, आणि तिच्यात मीठ भरलं. जेवायला बसले की ती समोर असते. आमटीत मीठ घालते, चाखते, बरोबर असतं.